जालना जिल्ह्यातील वाहतूक न्यायव्यवस्था

जालना जिल्ह्यातील वाहतूक न्यायव्यवस्था म्हणजे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जालना जिल्ह्यात मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील नियमांच्या भंगाची प्रकरणे नोंदवणारी, तडजोडीने मिटवणारी आणि न्यायालयात चालवणारी यंत्रणा होय. बोलण्यात ‘वाहतूक कोर्ट’ असा उल्लेख होत असला, तरी या अधिनियमाने त्या नावाचे वेगळे न्यायालय निर्माण केलेले नाही. ही प्रकरणे इतर फौजदारी प्रकरणांप्रमाणेच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या यंत्रणेत मोठे बदल झाले. पावतीपुस्तकाची जागा ई-चलन यंत्राने घेतली, न्यायालयाचे दप्तर संगणकावर आले आणि काही ठिकाणी केवळ वाहतुकीच्या प्रकरणांसाठी आभासी न्यायालये सुरू झाली. या सर्व बदलांत चलनाचे कायदेशीर स्वरूप मात्र पूर्वीचेच राहिले आहे. चलन हा आरोप असतो; तो मान्य करून तडजोड शुल्क भरणे किंवा तो नाकारून सुनावणी मागणे हे दोन्ही मार्ग वाहनचालकाला खुले असतात.

संज्ञा

नियमभंगाच्या नोंदीला महाराष्ट्रात ‘चलन’, ‘चालान’ किंवा नुसते ‘पावती’ असे म्हणतात. ‘पावती फाडणे’ हा वाक्प्रयोग छापील पावतीपुस्तकाच्या काळात रूढ झाला आणि कागद गेल्यावरही टिकून आहे. हिंदुस्थानी भाषेतील ‘चालान’ या शब्दाचा मूळ अर्थ रवानगी किंवा पाठवणी असा आहे. कोषागारात पैसे भरताना जो कागद जोडतात, त्यालाही याच अर्थाने चलन म्हणतात. पोलिसी व्यवहारात चालान म्हणजे आरोपीची किंवा प्रकरणाची न्यायालयाकडे रवानगी. त्यामुळे चलन हे निकालपत्र नसून निकालासाठी केलेली पाठवणी आहे, हा अर्थ शब्दातच सामावलेला आहे.

चलनावर जागेवर किंवा नंतर भरल्या जाणाऱ्या रकमेला कायद्याच्या भाषेत ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. ‘दंड’ हा शब्द काटेकोर अर्थाने न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतर सुनावलेल्या शिक्षेसाठी वापरला जातो. व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांचे परिणाम वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश भारतात मोटारींसंबंधीचा पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. जालना व सभोवतालचा प्रदेश त्या काळी हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील न्यायालयांची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा शेवट झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून तो तयार झाला. सध्या त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे आठ तालुके आहेत. पूर्वीचे कायदे एकत्र करून संसदेने संमत केलेला मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून देशभर लागू झाला. जिल्ह्यातील वाहनांना एमएच-२१ हा नोंदणी क्रमांक मिळतो.

पोलाद उद्योग, बियाणे उद्योग आणि मोठी बाजारपेठ यांमुळे जालना शहरात अवजड वाहनांची वर्दळ असते. धुळे–सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ अंबड तालुक्यातील वडीगोद्री व शहागड येथून जातो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग बदनापूर व जालना तालुक्यांतून जातो. ७०१ किलोमीटर लांबीच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. परिणामी जिल्ह्यात नोंदली जाणारी प्रकरणे जिल्ह्याबाहेरच्या वाहनांचीही असतात आणि जालन्याच्या वाहनांवर दूरच्या शहरांत चलने होतात.

रचना आणि अधिकारक्षेत्र

जिल्ह्यातील न्यायव्यवस्थेच्या शिरोभागी प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. हे न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येते. मोटार वाहन प्रकरणे मुख्य न्यायदंडाधिकारी आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्यापुढे चालतात. जालना शहराखेरीज अंबड, भोकरदन, परतूर यांसारख्या तालुक्यांच्या ठिकाणीही न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत. तालुक्यातील न्यायाधीश सामान्यतः दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अशी दोन्ही कामे पाहतात. त्यामुळे एकाच दिवसाच्या बोर्डावर जमिनीचा दावा, धनादेश न वटल्याचे प्रकरण आणि हेल्मेटविना दुचाकी चालवल्याचे प्रकरण असू शकते.

गुन्हा जेथे घडला, तेथील न्यायालयाला तो चालवण्याचा अधिकार असतो, हे फौजदारी कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व आहे. वाहनाची नोंदणी कोठे झाली किंवा मालक कोठे राहतो, याने अधिकारक्षेत्र ठरत नाही.

प्रकरणे नोंदवणाऱ्या यंत्रणा प्रामुख्याने दोन आहेत. पहिली पोलिसांची असून तिच्यात जिल्हा पोलीस दलाची वाहतूक शाखा, पोलीस ठाणी आणि महामार्ग पोलीस येतात. दुसरी परिवहन विभागाची असून तिच्यात उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षक व त्यांची वायुवेग पथके येतात. जादा भार, परवाना, योग्यता प्रमाणपत्र व कर यांसंबंधीची प्रकरणे मुख्यतः निरीक्षकांकडून नोंदवली जातात.

अपघातातील नुकसानभरपाईचे दावे या व्यवस्थेचा भाग नाहीत. ते अधिनियमाच्या कलम १६५ नुसार स्थापन झालेल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात.

महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यासंबंधीची अधिसूचना राज्य शासनाने २१ जुलै १९९८ रोजी काढली. फिर्याद, जामीन, मुद्देमाल, रोजनामा, नाझर, पैरवी हे न्यायालयातील रोजच्या वापराचे शब्द फारसी–अरबी परंपरेतून मराठीत आलेले आहेत.

कार्यपद्धती

नोंद आणि तडजोड

अधिनियमाच्या कलम २०० नुसार काही अपराधांत न्यायालयात न जाता तडजोड करता येते. कोणत्या अधिकाऱ्याने तडजोड करावी आणि किती रक्कम घ्यावी, हे राज्य शासन अधिसूचनेने ठरवते. हेल्मेट, सीटबेल्ट, वेगमर्यादा, अनुज्ञप्ती जवळ नसणे, विमा नसणे, जादा भार इत्यादी अपराध तडजोडयोग्य आहेत. शुल्क भरले की त्या प्रकरणी खटला चालत नाही.

मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर तडजोडीमुळे अपराधाची नोंद पुसली जात नाही. तोच अपराध पुन्हा घडल्यास पूर्वीची तडजोड हा ‘पहिला अपराध’ मानला जातो आणि दुसऱ्या वेळची वाढीव शिक्षा लागू होऊ शकते. तसेच तडजोड केल्याने अनुज्ञप्ती निलंबनाची कारवाई टळत नाही. आरोप मान्य नसतानाही केवळ कटकट नको म्हणून शुल्क भरणाऱ्या चालकाच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

मद्यपान करून वाहन चालवणे (कलम १८५) आणि अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देण्यासंबंधीचा अपराध (कलम १९९ अ) तडजोडयोग्य नाहीत. ही प्रकरणे न्यायालयातच जातात.

न्यायालयातील सुनावणी

तडजोड न झालेले प्रकरण न्यायालयात दाखल झाल्यावर आरोपीला समन्स निघते. सुनावणीच्या दिवशी न्यायदंडाधिकारी आरोपीला अपराधाचा तपशील समजावून सांगतात आणि तो कबूल आहे काय, असे विचारतात. कबुली दिल्यास दंड ठोठावला जातो. आरोपी दंडाची रक्कम न्यायालयाच्या नाझर शाखेत भरतो आणि प्रकरण निकाली निघते. आरोप नाकारल्यास सरकार पक्षाला साक्षीपुरावा द्यावा लागतो. चलन करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष व उलटतपासणी होते आणि अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. दंड न भरल्यास त्याऐवजी भोगावयाची साध्या कैदेची शिक्षा न्यायालय आदेशातच नमूद करू शकते.

प्रत्यक्ष हजर न राहता प्रकरण मिटवण्याची सोय संगणकाच्या आधीपासून कायद्यात आहे. १९३९ च्या अधिनियमातील कलम १३० मध्ये आणि सध्याच्या अधिनियमातील कलम २०८ मध्ये ती आढळते. केवळ दंडाच्या शिक्षेस पात्र असलेल्या अपराधाचे समन्स काढताना न्यायालयाने आरोपीला दोन पर्याय द्यावयाचे असतात. वकिलामार्फत किंवा स्वतः हजर राहणे हा पहिला, आणि नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून समन्समध्ये नमूद केलेली रक्कम पाठवणे हा दुसरा. आरोपीने अशी रक्कम पाठवल्यास त्या अपराधाबाबत पुढील कार्यवाही होत नाही. आजचे आभासी न्यायालय याच जुन्या टपाली कबुलीचे विस्तारित रूप मानता येते.

मुदत

केवळ दंडाच्या शिक्षेस पात्र असलेल्या अपराधाची दखल न्यायालयाने सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४६८ मधील ही मर्यादा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये कायम आहे. समाधानकारक कारण असल्यास किंवा न्यायासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते. वर्षानुवर्षे थकलेल्या ई-चलनांच्या संदर्भात ही मुदत कळीची ठरते. कारण मोबाइलवर दिसणारे थकीत चलन आणि न्यायालयाने मुदतीत दखल घेतलेले प्रकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रमुख अपराध व शिक्षा

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील शिक्षेच्या बहुतेक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. महाराष्ट्रात सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. अधिनियमातील काही प्रमुख शिक्षा पुढीलप्रमाणे आहेत. तडजोडीचे राज्यातील दर यांहून वेगळे असू शकतात.

कलम १७७ (सर्वसाधारण नियमभंग) : पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड.
कलम १८१ (अनुज्ञप्तीविना वाहन चालवणे) : ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.
कलम १८३ (वेगमर्यादेचा भंग) : हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये, मध्यम व अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड.
कलम १८५ (मद्यपान करून वाहन चालवणे) : पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास हा अपराध घडतो.
कलम १९४ (जादा भार) : २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये.
कलम १९४ ब (सीटबेल्ट न लावणे) : १,००० रुपये.
कलम १९४ ड (हेल्मेट न वापरणे) : १,००० रुपये आणि ३ महिने अनुज्ञप्तीसाठी अपात्रता.
कलम १९६ (विम्याविना वाहन) : पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही.
कलम १९९ अ (अल्पवयीनाकडून अपराध) : पालक किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द.

कलम २१० ब नुसार, अंमलबजावणीचा अधिकार असलेल्या व्यक्तीनेच अपराध केल्यास तिला दुप्पट शिक्षा होते.

तंत्रज्ञानाचा अवलंब

पावतीपुस्तक ते ई-चलन

पावतीपुस्तकाच्या पद्धतीत अधिकारी कार्बन कागद लावून पावती लिहीत असे. पैसे नसल्यास अनुज्ञप्ती किंवा अन्य कागदपत्र ठेवून घेतले जाई आणि चालकाला ते सोडवण्यासाठी वाहतूक शाखेत किंवा न्यायालयात जावे लागे. एका तालुक्यातील पावतीची माहिती दुसऱ्या तालुक्यात नसे. त्यामुळे अपराध पहिल्यांदा घडला की पुन्हा घडला, हे कळणे अवघड होते.

मुंबईत २०१६ मध्ये ई-चलन सुरू झाले आणि पुढे ‘एक राज्य, एक ई-चलन’ या योजनेखाली ही पद्धत राज्यभर पोहोचली. अधिकारी हातातील यंत्रावर वाहन क्रमांक भरतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ‘वाहन’ व ‘सारथी’ या प्रणालींत अनुक्रमे वाहनांची व अनुज्ञप्तींची माहिती असते. छायाचित्र, ठिकाण व वेळ यांसह चलन तयार होऊन नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर संदेश जातो. शुल्क यंत्रावर कार्डाने, संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक या ॲपवर भरता येते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये बदल होऊन डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांमधील इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे ग्राह्य ठरली. त्यामुळे कागद जवळ नसल्याबद्दल होणारी कारवाई आणि कागदच अस्तित्वात नसल्याबद्दल होणारी कारवाई यांतील फरक जागेवर तपासणे सोपे झाले.

ई-न्यायालय प्रकल्प

देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी ई-न्यायालय प्रकल्प २००७ पासून राबवला जात आहे. दुसरा टप्पा २०१५ मध्ये सुरू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२१० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यास मंजुरी दिली. न्यायालयांत वापरली जाणारी प्रकरण माहिती प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील पथकाने विकसित केली आहे.

या प्रणालीत प्रत्येक प्रकरणाला १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यावरून पुढील तारीख, झालेली कार्यवाही व आदेश संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर पाहता येतात. पूर्वी एवढ्या माहितीसाठी पक्षकाराला वकिलाकडे किंवा न्यायालयाच्या कचेरीत खेटे घालावे लागत. समन्स बजावणीची नोंद बेलिफाने मोबाइल यंत्रावर करण्याची सोयही प्रकल्पात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा असलेले समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्यास (कलम ६४) आणि कार्यवाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्यास (कलम ५३०) मान्यता दिली आहे.

आभासी न्यायालय

वाहतूक चलनांसाठीचे देशातील पहिले आभासी न्यायालय जुलै २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झाले. महाराष्ट्रातील पहिले आभासी न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे सुरू झाले. नागपूरच्या वाहतूक चलनांसाठी असलेल्या या न्यायालयाचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. नागपूर येथील न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेतील ‘न्याय कौशल’ या ई-संसाधन केंद्राचे उद्घाटनही त्याच वेळी झाले.

आभासी न्यायालयात चलन थेट संगणकीय मार्गाने दाखल होते. न्यायाधीश पडद्यावर प्रकरण पाहून दंडाची रक्कम निश्चित करतात आणि समन्स मोबाइल संदेशाने किंवा ई-मेलने जाते. आरोपी संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक, चलन क्रमांक, वाहन क्रमांक किंवा नाव टाकून आपले प्रकरण शोधतो. त्याच्यापुढे दोन पर्याय येतात. आरोप कबूल करून दंड भरल्यास प्रकरण निकाली निघते. आरोप लढवावयाचा असल्यास तसे नोंदवावे लागते आणि मग प्रकरण अधिकारक्षेत्र असलेल्या नियमित न्यायालयाकडे वर्ग होते.

आभासी न्यायालयात उलटतपासणी किंवा युक्तिवाद होत नाही. ते कबुलीची प्रकरणे वेगाने मिटवते आणि वादाची प्रकरणे वेगळी काढते. त्यामुळे नियमित न्यायालयाचा वेळ खऱ्या वादासाठी मोकळा होतो, हा या व्यवस्थेमागील हेतू आहे. मात्र अधिकारक्षेत्राचे तत्त्व कायम असल्याने, एमएच-२१ क्रमांकाच्या मालमोटारीवर नागपुरात झालेले चलन लढवावयाचे झाल्यास प्रकरण नागपूरच्या न्यायालयाकडे जाते. दंड भरणे घरबसल्या काही मिनिटांत होते. सुनावणीसाठी मात्र प्रवास, वकील आणि रोजगार यांचा हिशेब करावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि जालन्याचा खटला

कॅमेऱ्यातील चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून केव्हा ग्राह्य धरावे, या प्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल जालना शहरातील घटनेतून निर्माण झाला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हे ते प्रकरण होय. ते वाहतुकीचे नसून २०१४ च्या विधानसभा निवडणुकीसंबंधी होते.

जालना मतदारसंघातून खोतकर २९६ मतांनी विजयी झाले होते. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप पराभूत उमेदवार गोरंट्याल यांनी निवडणूक याचिकेत घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण हा याचिकेतील महत्त्वाचा पुरावा होता. चित्रणासोबत भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५ ब (४) नुसार आवश्यक असलेले प्रमाणपत्र मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

१४ जुलै २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन, न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने अपील फेटाळले. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पीठाने स्पष्ट केले. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिल्यास प्रमाणपत्राची गरज नसते, असेही त्यात म्हटले आहे. प्रमाणपत्र देणारा अधिकारी नकार देत असेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. जालन्याच्या प्रकरणात याचिकाकर्त्याने शक्य ते सर्व प्रयत्न केले होते आणि अन्य पुरावाही पुरेसा होता, असे न्यायालयास आढळले.

या निकालाचा वाहतूक प्रकरणांशी थेट संबंध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात रस्तासुरक्षेच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीविषयीचे कलम १३६ अ आले. त्यानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत नियम १६७ अ समाविष्ट झाला. वेग मोजणारे कॅमेरे, सीसीटीव्ही, स्पीडगन, अंगावरील कॅमेरे, क्रमांकपट्टी ओळखणारी प्रणाली इत्यादी साधने त्यात येतात. नियमासोबतच्या १३२ शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील १९ शहरे असून त्यांत जालन्याचा समावेश आहे. नियमातील प्रमुख अटी अशा :

साधनाला राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे.
कॅमेरा असल्याची सूचना देणारे ठळक फलक लावावेत.
चलनात अपराध व क्रमांकपट्टी स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, साधनाने घेतलेले मोजमाप, दिनांक, वेळ, ठिकाण आणि भंग झालेले कलम नमूद असावे.
चलनासोबत कलम ६५ ब (४) नुसार प्रमाणपत्र असावे.
अपराधाची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवावी आणि इलेक्ट्रॉनिक नोंद प्रकरण निकाली निघेपर्यंत जतन करावी.

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली असून प्रमाणपत्राची तरतूद त्यातील कलम ६३ मध्ये आहे. नव्या नमुन्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यात फाइलची हॅश संख्या द्यावी लागते.

लोकअदालत

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समित्या काम करतात. प्रमुख जिल्हा न्यायाधीश हे प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत ई-चलनांची प्रकरणे दाखलपूर्व स्वरूपात ठेवली जातात. त्यासाठी वाहनमालकांना मोबाइल संदेशाने नोटीस पाठवली जाते. अशी नोटीस म्हणजे न्यायालयाचे समन्स नव्हे. ती तडजोडीसाठीचे निमंत्रण असते.

लोकअदालतीत केवळ तडजोडयोग्य अपराध मिटवता येतात. तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. प्रलंबित प्रकरण लोकअदालतीत मिटले नाही, तर ते मूळ न्यायालयाकडे परत जाते.

प्रश्न आणि मर्यादा

कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो. चालक कोण होता, हे त्याला नेहमीच कळत नाही. त्यामुळे चलन प्रथम नोंदणीकृत मालकाकडे जाते. कलम १३३ नुसार अधिकाऱ्याने विचारल्यास चालकाची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. विकलेले वाहन जुन्याच मालकाच्या नावावर राहिल्यास नव्या मालकाच्या अपराधांची चलने जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात. कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची माहिती १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाची असते. बनावट क्रमांकपट्टी आणि क्रमांक वाचण्यातील चूक ही चुकीच्या चलनांची आणखी दोन संभाव्य कारणे आहेत. अशा वेळी छायाचित्रातील वाहनाचा प्रकार, रंग व ठिकाण पडताळून पाहणे हा मालकाच्या बचावाचा पहिला आधार असतो.

दुसरा प्रश्न सूचना पोहोचण्याचा आहे. नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक बदललेला असेल, विक्रेत्याने स्वतःचा क्रमांक दिलेला असेल किंवा मालकाला संदेश वाचता येत नसेल, तर चलन झाल्याचे त्याला कळत नाही. वाहनाचे हस्तांतर किंवा योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावयाच्या वेळी अनेक चलने एकदम समोर येऊ शकतात. परिवहन संकेतस्थळावर आधार पडताळणीने मोबाइल क्रमांक अद्ययावत करण्याची सोय आहे. वकील नेमणे परवडत नसलेल्या पात्र व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत विधी साहाय्य मिळू शकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार इत्यादी त्यास पात्र असतात.

तिसरा प्रश्न सोयीच्या असमतोलाचा आहे. शुल्क भरण्याची वाट जितकी सुकर झाली, तितकी आक्षेप नोंदवण्याची झालेली नाही. पाचशे रुपयांच्या चलनासाठी परगावी तारखांना जाणे कोणालाही परवडणारे नसते. परिणामी निर्दोष व्यक्तीही पैसे भरून मोकळी होते आणि तिच्या नावावर पूर्वीच्या अपराधाची नोंद राहते. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. परंतु ती तपासणारी यंत्रणा चलन करणाऱ्या विभागाचीच असते. स्वतंत्रपणे पुरावा पाहून आरोप खरा की खोटा, हे ठरवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच आहे. दूरदृश्य प्रणालीने सुनावणी घेण्यास नव्या संहितेने दिलेली मान्यता या दृष्टीने उपयुक्त आहे. कारण तिच्यामुळे दंड भरण्याइतकीच सुनावणीही घराजवळ येऊ शकते.